वाटून घेतलेले पाय

डावा पाय तुळशीचा होता आणि उजवा अंजनाचा. भाविकाकडे त्यातलं फारसं काही उरलं नव्हतं. तिनं दिवसभर ते दोन्ही पाय या खोलीतून त्या खोलीत न्यायचे, संध्याकाळी टम्म फुगले की दिवाणावर पसरायचे आणि कोणाच्या वाटणीचा किती उतरला ते आईला आणि सासूला बघू द्यायचं.

वाटणी सासऱ्यांनी, मधुशेठांनी केली होती. बेलवलीच्या त्या घरात वाटण्या करायचं काम पहिल्यापासून त्यांचंच. चिखलोलीची जमीन बिल्डरला गेली तेव्हा भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. तेव्हाही मधुशेठांनीच मधे बसून एकेकाला त्याचा तुकडा तोडून दिला आणि तंटा मिटवला. तेव्हापासून त्यांची खात्री झाली होती की भांडण कसलंही असो, दोन भाग केले की मिटतं.

या वेळी भांडण बाळंतपणाचं होतं. सातवा लागता लागता सुनेच्या पायांवर सूज चढू लागली, चपलेचे पट्टे कातडीत रुतायला लागले, आणि सूज कशी उतरवायची यावरून दोन विहिणींची जुंपली. बोलणं पायांचं होतं, पण ओढाताण वेगळीच होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. म्हणून तुळशी लेकीला अंबरनाथला, बुवापाड्याला नेणार होती. अंजनाला ते पटत नव्हतं. बुवापाड्याच्या त्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, कळा सुरू झाल्या तर पोरीला काय पाठीवर घालून आणणार, असं ती येता-जाता विचारायची. तुळशी म्हणायची, माझी तिन्ही त्याच गल्लीत झाली, एकही वाटेत सांडलं नाही.

अंजनाचं माहेर मिठागरवाल्यांचं. तिच्या बापानं जन्मभर मिठाच्या वाफ्यात उभं राहून फावडं ओढलं. त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक दुखण्याला खडेमीठ. "मीठ पानी खेचतं," ती सांगायची. "आमच्या बाबाचे पाय जलमभर मिठात गेले, कवा सुजले नाय."

"सुजले नसतील," तुळशी म्हणाली, "फाटले असतील."

तुळशीकडे तिचे हात होते. बुवापाड्यात कोणाची मान अवघडली, कोणाची कंबर धरली, कोणा पोराचा पाय मुरगळला की तुळशीला बोलावणं यायचं. कोमट तिळाचं तेल, वर शेकलेलं एरंडाचं पान आणि तिचा अंगठा. या अंगठ्यावर तिची सगळी इज्जत उभी होती. शिकलेली नव्हती, नवरा गेल्यावर कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून पोरं वाढवली, पण गल्लीत ती आली की बायका खाटेवरची जागा झटकून द्यायच्या.

एका संध्याकाळी दोघींचं ऐकून ऐकून मधुशेठ जेवता जेवता म्हणाले होते, "एकेक पाय घ्या ना दोघींनी. जिच्या वाटणीचा पाय आधी उतरंल, तिच्या घरी बालंतपन. मंग कोनी तोंड उघडायचं नाय."

ते हसत म्हणाले होते. विहिणींनी मात्र ते खरं धरलं.

मग रोजचं सुरू झालं. दुपारी तुळशी बुवापाड्याहून यायची आणि डावा पाय मांडीवर घ्यायची. दिवेलागणीला अंजना कोमट पाण्याची बादली आणायची, मूठभर खडेमीठ टाकायची आणि उजवा पाय आत सोडायला लावायची. एक पाय बादलीत, एक पाय एरंडाच्या पानात, मधे भाविका गवळणीच्या चित्रासारखी वाकडी बसलेली. असा फोटो नणंदेनं काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली काकी-माम्यांचे दोन पक्ष पडले, मीठवाले आणि तेलवाले.

पहिल्या दिवसांत दोन्ही पाय सारखेच चढायचे, सारखेच उतरायचे. मागच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी ते बघून घाबरण्यासारखं काही नाही म्हटलं होतं. पाय लोंबकळत ठेवू नको, उशीवर ठेव, डाव्या कुशीवर झोप, पाणी भरपूर पी. भाविकानं घरी येऊन ते सांगितलं, पण उशीचं औषध कोणालाच औषध वाटलं नाही.

मग उजवा सकाळी हलका होऊ लागला. आणि डावा तसाच राहू लागला.

*

डोहाळजेवणाच्या सकाळी भाविका उठली तेव्हा उजवा पाय तिचा होता आणि डावा कोणा परक्याचा. जमिनीवर टेकवला तशी पोटरीतून कळ वर गेली. ओली दोरी पिळून पिळून आवळावी तसं आत काहीतरी आवळून बसलं होतं. हे आजचं नव्हतं. काही दिवस झाले होते, आणि ती कोणालाच बोलली नव्हती.

कोणाला बोलणार? सासूला सांगावं तर डावा हरला. आईला सांगावं तर आईच्या हाताला नाव ठेवल्यासारखं. आणि डावा हरला की बुवापाडा गेला. बेलवलीच्या घरात तिला कमी काहीच नव्हतं. स्वतंत्र खोली होती, पंख्याखाली झोपायला मिळायचं, सासू ताट हातात आणून द्यायची. पण तिला आईच्या त्या एका खोलीत जाऊन पडायचं होतं. पदर सावरायचा नाही, कोण आलं गेलं बघायचं नाही, भिंतीकडे तोंड करून रडावंसं वाटलं तर रडायचं. एवढं म्हणजे एवढंच हवं होतं. ते तिला कोणासमोर मांडता येत नव्हतं, म्हणून ती पाय सोसत होती.

त्या दिवशी आई सकाळीच आली. वाटीत तेल कोमट केलं आणि दार लोटून लेकीचा पाय मांडीवर घेतला.

"दगड झालाय गं नुसता," तुळशी पुटपुटली. "कालच्या तेलानं कसा मऊ पडायला पाहिजे होता. थांब, आज जोर लावते."

टाचेपासून अंगठा वर निघाला. पोटरीच्या मधोमध आला तसा भाविकानं ओढणीचं टोक दातांत धरलं. आईच्या कपाळावर घामाचा थेंब जमला होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. एवढी लाटून लाटून दुखणारी मनगटं, आणि ती माझ्यासाठी एवढा जोर काढते आहे, असं भाविकाला वाटलं.

"दुखतं का गं?"

"नाही. तुझा हात लागला की बरं वाटतं."

तुळशीचं तोंड फुललं. तिनं पुन्हा टाचेपासून सुरुवात केली.

*

बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये झोपाळा सजवला होता. झेंडूच्या माळा, मधे फुलांचा धनुष्यबाण, मागे चमचमणारी पाटी. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत भाविका झोपाळ्यावर बसली ती दुपारपासून बसूनच होती. पाय खाली लोंबत होते. बायका यायच्या, ओटी भरायच्या, कानशिलावर बोटं मोडायच्या. मामेसासूनं गळा काढला आणि बाकीच्यांनी ओळ उचलली:

*सातव्या गं महिन्याला, जड झालंया पाऊल,*
*आत चालतंया कोण, पायाला गं त्याची चाहूल.*

पेढ्याची वाटी की बर्फीची, तो खेळ झाला. मग कोणीतरी आठवण काढली की आजच्या दिवशी पायांचा निकाल लावायचं ठरलं आहे. लगेच हाकारे सुरू झाले आणि जिज्ञासाला पुढे ढकललं.

जिज्ञासा म्हणजे भाविकाची नणंद. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका शोरूमला कामाला होती, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सोफ्याची, पडद्यांची मापं घ्यायची. टेप तिच्या पर्समध्ये कायम. आज सुट्टी होती तरी होताच.

"बघा हं," ती शोरूमच्या आवाजात म्हणाली, "आमचे सेठ बोलतात, माल दोनो साइड बराबर तो पास, नाहीतर वापस."

हॉल हसला. जिज्ञासा झोपाळ्यापुढे मांडी घालून बसली, वहिनीची साडी थोडी वर केली आणि उजव्या पोटरीला टेप गुंडाळून आकडा ओरडून सांगितला. मग तेवढ्याच उंचीवर डाव्या पोटरीला गुंडाळला. आकडा सांगितला तशी मीठवाल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. फरक डोळ्यांनी दिसत होता. टेपची गरजच नव्हती.

"विहीणबाई," एक काकी म्हणाली, "तेलात भेसल हाय काय?"

तुळशी हसली. हसताना तिचे ओठ तेवढे हलले. "तेल शुद्ध हाय. कोनीतरी मीठ उरलं म्हनून माझ्या वाट्याच्या पायाला लावलं असंल."

पुन्हा हशा. अंजना काही बोलली नाही. जिंकणाऱ्यानं बोलायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. पण खुर्चीत ती जरा मागे रेलून बसली आणि बुवापाड्याचा प्रश्न मिटला असं मनात म्हणून मोकळी झाली.

तुळशीला मात्र ते तसं सोडून देता येईना. एवढ्या बायकांत तिचा हात हरला होता. तिनं पदर खोचला, पिशवीतली तेलाची बाटली काढली आणि म्हणाली, सगळ्यांसमोर एकदा उतरवून दाखवते, मग बोला.

जिज्ञासाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. टेप सोडवताना तिचा तळवा डाव्या पोटरीला लागला होता आणि तिथंच राहिला होता. चार्जिंगला लावलेला मोबाइल तापतो तशी पोटरी तापली होती. तिनं दुसरा तळवा उजव्या पायावर ठेवला. तो गार होता. पुन्हा डावा. कातडी ताणून चकचकीत झाली होती, आणि मेंदीच्या वरच्या भागात लालसर दिसत होती. ती मेंदी नव्हती.

"वहिनी, दुखतंय हे?"

भाविकानं आधी आईकडे बघितलं आणि मग मान हलवली, नाही म्हणून. जिज्ञासाला त्या बघण्यातच उत्तर मिळालं.

ती उठून तिच्या कानाशी गेली. "कधीपासून?"

भाविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना वाटलं, माहेर आठवलं. जिज्ञासानं तिथंच, गोंगाटात, डॉक्टरबाईंना फोन लावला. रविवार होता. बाई उचलतील असं वाटत नव्हतं, पण त्यांनी उचलला आणि सुरुवातीला त्या जरा त्रासूनच बोलल्या की पाय सुजणं नॉर्मल आहे, मी सांगितलं होतं ना.

"मॅडम, एकच पाय सुजलाय."

"दुसरा?"

"दुसरा उतरलाय. हा खूप गरम लागतोय. आणि ती लपवतेय, पण दुखतंय तिला."

मग बाई वेगळ्याच आवाजात बोलू लागल्या. दम लागतो का विचारलं. जिज्ञासानं ते वहिनीला विचारलं. काल जिन्यावर लागला होता, भाविका म्हणाली, पण या दिवसांत लागतोच ना.

"नीट ऐक," बाई म्हणाल्या. "त्या पायाला कोणी हात लावायचा नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही, तिला चालवायचं नाही..."

जिज्ञासानं मान वळवली. तुळशी तेलानं माखलेले दोन्ही तळवे घेऊन झोपाळ्यापुढे बसली होती आणि तिचा अंगठा लेकीच्या टाचेवर टेकलेला होता.

जिज्ञासानं झेप घेऊन तिचं मनगट धरलं.

बाटली कलंडली. तेल फरशीवरून पसरत झोपाळ्याखाली गेलं. गाणं म्हणणाऱ्या बायकांची ओळ अर्ध्यात तुटली. सोयऱ्याच्या बाईचा, आईच्या वयाच्या विहिणीचा हात, डोहाळजेवणात, भरल्या हॉलमध्ये, या पोरीनं असा धरला होता जसा चोराचा धरतात. तुळशीला वेदना नव्हती झाली, पण तिचं तोंड पांढरं पडलं. ती मनगटाकडे बघत राहिली, ते आपलं नसल्यासारखं.

अंजना उभी राहिली. "जिग्या, विहीणबाईंचा हात सोड. अक्कल हाय का तुला?"

जिज्ञासानं हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, परत बोला. सगळ्यांना ऐकू दे."

फोनमधून आवाज आला. तो मोठा नव्हता, पण हॉलमध्ये आता दुसरा कसलाच आवाज उरला नव्हता.

"रक्ताची गुठळी असू शकते. चोळली तर सुटून फुप्फुसात जाईल. बाईही जाईल, बाळही जाईल. आत्ता, या मिनिटाला हॉस्पिटलला न्या."

*

नवऱ्यानं, भूपेशनं, भाविकाला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेलं. दुसऱ्या बाजूनं चुलतभावानं धरलं. मागच्या सीटवर अंजना आधी बसली, तिच्या छातीशी भाविकाला टेकवलं आणि डावा पाय सीटवर लांब ठेवला. जिज्ञासा पुढे. तुळशी दाराशी आली तेव्हा आत जागा नव्हती. जागा केली असती तर झाली असती. पण भूपेश सासूकडे न बघता म्हणाला, तुम्ही मागून या, आणि गाडी सुटली.

म्हणून मधुशेठ आणि तुळशी रिक्षात एकत्र बसले. या दोघांनी आजवर दोन वाक्यांच्या पलीकडे कधी बोलणं केलं नव्हतं. मधुशेठांना काहीतरी बोलायचं होतं. ते बोलायला लागले की भांडणं मिटायची, हा त्यांचा आयुष्याचा अनुभव. चिखलोली मागे पडली, अंबरनाथ लागलं, बुवापाड्याकडे वळणारा रस्ता आला आणि गेला, तरी त्यांना पहिला शब्द सापडला नाही. या भांडणाचे दोन तुकडे त्यांनीच केले होते, आणि आता पुढे गेलेल्या गाडीत त्यांची सून होती, सुनेच्या पोटात नातवंड होतं, आणि त्यातलं काहीच वाटून देता येण्यासारखं नव्हतं.

तुळशी दोन्ही हात मांडीपासून वर धरून बसली होती. तेल अजून होतं. मनगटापर्यंत ओघळ आले होते. मधुशेठांनी खिशातून रुमाल काढून पुढे केला.

तिनं घेतला नाही. "राहू दे," ती म्हणाली. "मी सकाळी लय जोर लावलाय, दादा. लय जोर लावलाय मी."

उल्हासनगरचं हॉस्पिटल येईपर्यंत मधुशेठांनी रुमाल तसाच हातात धरून ठेवला.

*

पायाची सोनोग्राफी झाली. गुठळी होती, गुडघ्याच्या मागून वर मांडीकडे गेलेल्या शिरेत होती. काउंटरवरच्या सिंधी बाईनं भूपेशकडून सह्या घेताना "बेटा, घबराओ मत, सही टाइम पे लाए हो" म्हटलं, आणि त्या धीराच्या शब्दानंच भूपेशची सही अर्ध्यात मोडली. तोवर त्यानं स्वतःला काही होऊ दिलं नव्हतं.

इथल्या डॉक्टर वेगळ्या होत्या, वयानं मोठ्या, बोलायला कोरड्या. त्यांनी घरच्यांना आत बोलावलं आणि विचारलं, पायाला मसाज केला होता का.

खोलीत घरची पाच माणसं होती. भूपेशनं सरळ सासूकडे बघितलं. जिज्ञासानं फरशीकडे. तुळशीचे ओठ उघडले, पण आवाज फुटायच्या आत अंजना बोलली.

"मी केला. घरात मोठी मीच. माझ्या घरात झालं ते."

असं का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. महिनाभर तिला या बाईला हरवायचं होतं. हॉलमध्ये हरवलंही होतं. पण गाडीत भाविकाचं डोकं तिच्या छातीवर होतं, फुलांचा मुंडावळीसारखा पट्टा तिच्या हनुवटीला टोचत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला ती पोर "आई" म्हणत होती. तिला हाक मारत नव्हती. अंजनाला ते चांगलं माहीत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, कोणी केला याच्याशी मला घेणं नाही. कधी केला आणि किती जोरात, तेवढं कळलं पाहिजे.

तुळशी पुढे झाली. "मी केला. यांनी नाय. आज सकाळी. टाचेपासून वर, अंगठ्यानं." तिनं हवेत अंगठा चालवून दाखवला. "दगडासारखा लागत होता म्हनून जास्ती जोर दिला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"सुटली असती ना आज सकाळी," त्या म्हणाल्या, "तर इथपर्यंत आणायलासुद्धा मिळालं नसतं तुम्हाला."

मग त्यांनी सांगितलं ते सगळ्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात आणि रात्री उशीवर ठेवले की उतरतात, ते गरोदरपणाचं नेहमीचं. सैल चप्पल, थोडं चालणं, डावी कूस, पाय लोंबकळत बसायचं नाही, बस. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर घरी काहीच करायचं नाही, धावत यायचं. चेहरा, हात सुजले, डोकं दुखलं, डोळ्यापुढे चमकलं तरीही धावत यायचं, ते वेगळं संकट.

"पन उजवा तर उतरला," अंजना म्हणाली. "मिठानं."

"मिठानं नाही उतरला. तो उतरणारच होता."

अंजना मागच्या स्टुलावर बसली. हॉलमधल्या टाळ्या तिला आता ऐकू आल्या, एकेक, मोजून माराव्यात तशा. ती जिंकली होती ते एका आजारी पायाच्या जोरावर. दोघींनी एकेक पाय घेतला नसता, एकीनंच दोन्ही पाय रोज मांडीवर घेतले असते, तर एक चढतोय आणि एक उतरतोय हे पहिल्याच दिवशी खटकलं असतं. त्यांना ते खटकलं नाही. त्यांना तो निकाल वाटला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर भूपेश फुटला. आवाज न चढवता फुटला, म्हणून जास्त लागलं. "आई," तो तुळशीला म्हणाला, "आता बुवापाड्याचं नाव काढायचं नाही. आणि तिला हात लावायचा नाही तुम्ही. कधीच."

मधुशेठ तोंड उघडणार तोच तो त्यांच्याकडे वळला. "पप्पा, तुम्ही तर बोलूच नका."

तुळशीनं मान डोलावली. ती मान्य करत होती. तिला त्याहून कडक काहीतरी हवं होतं, ते कोणी बोलत नव्हतं.

*

गुठळी जागेवरच थांबली होती. बाळाचे ठोके चांगले होते. भाविकाला काही दिवस ठेवून घेतलं, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं सुरू झाली आणि डाव्या पायाची ताणलेली कातडी हळूहळू सैल पडायला लागली.

तुळशी रोज यायची. खोलीत मात्र जायची नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसायची, डबा नर्सकडे द्यायची आणि संध्याकाळी परत जायची. बुवापाड्यात कोणाची तरी कंबर धरली होती, बोलावणं आलं होतं. तिनं सांगून पाठवलं की आता मी जात नाही. अंजना आत-बाहेर करताना तिच्या शेजारी कधी कधी बसायची. एकदा अंजनानं चहाचा कप तिच्या हातात दिला आणि तुळशीनं तो घेतला, एवढंच.

घरी सोडायच्या सकाळी नर्सनं सांगितलं की इंजेक्शन रोज द्यायचं आहे, बाळंत होईपर्यंत आणि नंतरही काही आठवडे. पोटाच्या कातडीत द्यायचं, सोपं असतं, घरातल्या एकानं शिकून घ्या.

भूपेश पुढे झाला. सुई हातात घेतली, बायकोच्या ताणलेल्या पोटाकडे बघितलं आणि पिवळा पडला. नर्सनं त्याला खुर्चीत बसवलं. अंजना म्हणाली, आणा इकडे, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि सुईचं टोक तिला दिसेना. जिज्ञासा कामावर होती.

"आई देईल," भाविका म्हणाली.

अंजनाला वाटलं आपल्याला म्हणते आहे. मग तिला दिसलं की सून उघड्या दाराकडे बघते आहे.

भूपेशनं मान वर केली. "भाविका, नाही."

"आई, आत ये."

तुळशी उंबऱ्याशी आली. तिनं दोन्ही तळवे उलटेसुलटे करून लेकीला दाखवले, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं. "मना नको सांगू बाय. या हातानं..."

"तू विचारलं होतंस," भाविका म्हणाली. तिचा आवाज खाली होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळावा एवढा स्पष्ट. "दुखतं का म्हणून. रोज विचारायचीस. मी खोटं बोलले. मला तुझ्याकडे यायचं होतं, म्हणून. आता खोटं नाही बोलणार. तू दे."

भूपेशला हे माहीत नव्हतं. दोन्ही आयांनाही नव्हतं. अंजनानं सुनेकडे बघितलं. महिनाभर तिनं या पोरीचा पाय बादलीत धरला, आणि एकदाही तिला विचारलं नव्हतं की तुला कुठं जायचं आहे. ती उठली, तुळशीच्या दंडाला धरलं आणि तिला खाटेपाशी आणून उभं केलं.

"या, विहीणबाई," ती म्हणाली. "पोट मी धरते."

नर्सनं दाखवलं. बेंबीपासून लांब, कुशीकडे. कातडीची घडी चिमटीत धरायची. सुई सरळ, हळू, पूर्ण आत. तुळशीनं हात साबणानं धुतले, पुसले, पुन्हा धुतले. अंजनानं साडीचा काठ खाली सरकवून धरला. घडी चिमटीत आली तेव्हा आतून काहीतरी सरकलं, छोटं, बोटाएवढं, आणि दोघींनाही ते जाणवलं. तुळशी थांबली. मग तिनं सुई आत घातली, दट्ट्या हळूहळू शेवटपर्यंत दाबला, आणि सुई बाहेर काढली.

सवयीनं तिचा अंगठा त्या जागेवर चोळायला गेला.

"चोळायचं नाही," नर्स म्हणाली.

अंगठा कातडीपासून केसभर वर थांबला. तुळशीनं तो मुठीत मिटून घेतला.

"दुखलं," भाविका म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

तुळशीनं तिच्या तोंडाकडे बघून मान हलवली, ऐकलं म्हणून. मग वापरलेली सुई जपून झाकणाच्या डब्यात टाकली आणि उद्याची कुठल्या बाजूला द्यायची, ते नर्सला विचारलं.